तपासणीच्या आदल्या दिवशी लावलेलं मलम

"सेझरी सिंड्रोम," रक्तविकारांचे डॉक्टर म्हणाले. नाव एखाद्या परदेशी बिस्किटाला शोभलं असतं. हा रक्ताचा कॅन्सर. टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडतात आणि कातडीत शिरतात. दुर्मीळ, आणि झपाट्याने वाढणारा. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे रक्तातल्या पेशी ओळखण्याच्या तपासणीत, तो सापडला.

आमचे हे अंगभर लाल झालेले, शांत बसून ऐकत होते. मी मात्र भडकले.

"सात महिने खाजवतायत! कोणी गजकर्ण म्हणालं, कोणी एक्झिमा. शिकता तरी काय हो तुम्ही लोक?"

डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली. "पहिल्या बायोप्सीआधी, म्हणजे कातडीचा तुकडा काढण्याआधी, स्टिरॉइडचं मलम बंद ठेवायला सांगितलं होतं. ठेवलं होतंत?"

नव्हतं ठेवलं. मंडईजवळच्या औषधाच्या दुकानातून ती ट्यूब मीच आणत होते. चार लोकांत जायचं आणि अंगावरून पापुद्रे गळतायत, हे आमच्या घरात चालत नाही. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मी यांची पाठ, हात, मान चोळून काढायची. वर इस्त्रीचा शर्ट. डॉक्टरांना दिसायची ती मी चोपडलेली कातडी. बायोप्सीत निश्चित काही निघालं नाही, तेव्हा मी देवाला पेढे ठेवले होते.

"मलमाने वरचं दबतं, आत आजार वाढत राहतो," डॉक्टर म्हणाले. "पण रक्त आम्हीही आधी तपासायला हवं होतं." त्यांचा हा चांगुलपणा मला नको होता.

आता उपचार चालू आहेत. आटोक्यात ठेवू, बरा होईल असं सांगत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. आता मी यांना आहे तसं नेते. परवा वेटिंग रूममध्ये एक बाई नाकाला पदर लावून उठल्या. मी म्हटलं, "बसा हो, हा लागत नाही. नुसता कॅन्सर आहे."

तुमच्या घरी असं काही निघालं, तर डॉक्टरकडे जाताना माणसाला नटवू नका. लाज घरी ठेवा.

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं, "अहो, माझ्यावर चिडत का नाही तुम्ही? महिने घालवले मी तुमचे."

"अगं, सगळे लांब सरकून बसायचे," हे म्हणाले. "अंगाला हात लावणारी तू एकटीच होतीस."

त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या, तरी परवडलं असतं मला.