हात खिशात

आमच्या भोकरदनच्या कॉलेजातल्या युनिक्सच्या सर्व्हरला, म्हणजे सगळी माहिती साठते त्या मुख्य संगणकाला, काही झालं की जालन्याहून एसटीने एक गृहस्थ येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना सर्व्हरवालेच म्हणतात. टाइप केलेली ओळ ते बोट ठेवून वाचतात, एकदा मोठ्याने, एकदा मनात, आणि मगच एंटर दाबतात. आधी मला याचा फार कंटाळा यायचा.

परवा ऑफिसात आम्ही कारकून संगणकांवर प्रवेशाचे फॉर्म भरत असताना डिस्कमध्ये गडबड वाटली म्हणून त्यांना बोलावलं. "आत्ता नुसतं बघतो, हात लावत न्हाई," म्हणत त्यांनी चालू डिस्क तपासली. पडद्यावर चुकांची लांबलचक यादी आली. पोरापोरींचे सगळे फॉर्म त्यातच होते.

"मंग करा की जल्दी दुरुस्त," प्राचार्य म्हणाले.

सर्व्हरवाल्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "सर, लोक अजून डिस्कवर लिहून राह्यले, अर्धवट लिहिलेलंबी यादीत चूक म्हणूनच येतं. तवर ही यादी खरी किती, खोटी किती, सांगता येत न्हाई."

प्राचार्य चिडले. हे मात्र टेबलाटेबलाशी गेले आणि प्रत्येकाला काम सेव्ह करून उठायला लावलं, शेवटी मलाही. डिस्क वापरातून बाहेर काढून पुन्हा तपासली, तेव्हा यादीत एकच चूक उरली होती. ती त्यांनी दुरुस्त केली.

ते निघाले तेव्हा मी विचारलं, "पहिल्याच यादीवरून दुरुस्ती केली असती तर?"

दाराशी चप्पल घालत ते म्हणाले, "चांगलं होतं तेच मोडलं असतं."