धोट्याची मूठ

डॉक्टरांनी बायकोला जमिनीवर बसायला बंदी केली आणि आमच्या घरातली विळी एका दिवसात निकामी झाली. आता ओट्याशी उभं राहून चिरायचं, म्हणजे चाकू हवा. बाजारातले चाकू तिला पत्र्याचे वाटतात. नवरा, म्हणजे मी, हौसेनं चाकू बनवतो, पण ते हवेत धरलेला कागद कापून दाखवण्यापुरते.

"भाजी चिरेल असा एक करा की," ती म्हणाली. "का जन्मभर जाऊबाईंकडून कांदा चिरून घेऊ?"

जाऊबाई वरच्याच मजल्यावर राहतात आणि चिरताना बोलतात. प्रश्न गंभीर होता.

पहिलं पातं माझ्या चुकीनं गेलं, असं घरात सांगितलं जातं. मला ते साफ अमान्य आहे. दोष त्या व्हिडिओवाल्या गोऱ्याचा. पोलाद चेरीसारखं लाल होईपर्यंत तापवा, म्हणे! अरे बाबा, सोलापुरात चेरी पाहिलीय कुणी? आम्हाला ठाऊक असलेली चेरी म्हणजे केकवर बसवलेलं, पाकात मुरलेलं भडक करवंद. शिवाय तो बोलतो अंधाऱ्या शेडमधून, आणि मी उभा गच्चीवर, एप्रिलच्या भर दुपारी. त्या उन्हात निखारासुद्धा राखेसारखा दिसतो. मी आपला जुन्या हेअर ड्रायरनं कोळशाला वारा घालतोय, घालतोय, पातं काही करवंद होईना. जेव्हा झालं, तेव्हा ते लाल रंगाच्या कितीतरी पुढे गेलेलं होतं. पोलाद कडक करायला तापवून बुडवतात, त्याला आपल्याकडे पाणी देणं म्हणतात. मी करडईचं तेल दिलं, घरातलंच. टिंग असा आवाज आला. पात्याला उभी चीर.

"तेलाचा डबा कुठाय हो?" खालून विचारणा झाली. पात्याची चौकशी कुणीही केली नाही.

दुसरं पातं दिवेलागणीला तापवलं. पोलाद पुरतं तापत आलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. ते चिकटेनासं झालं, तसं जरा आणखी तापवून तेलात घातलं. कानस मारून पाहिली तर नुसती घसरली. पातं कडक झालं होतं, पण तेवढं कडक पातं काचेसारखं मोडतं, म्हणून केकच्या ओव्हनमध्ये मंद भाजलं. वाळल्या कडब्याचा रंग आल्यावर काढलं. तो रंग आम्हाला कळतो!

राहिली मूठ. मी शिसम, बाभूळ, सागवान मांडून बसलो होतो. बायकोनं कपाटातून धोटा आणून त्या सगळ्यावर ठेवला. माझे सासरे भवानी पेठेत मागावर होते. सुताची कांडी पोटात घेऊन ताण्यातून इकडून तिकडे धावणारा हा लाकडी धोटा, त्यांच्या हातातला शेवटचा.

"हा लावा," ती म्हणाली. "आणि वाया घालवू नका. दुसरा न्हाई."

कांडीसाठी मधे पोकळ असलेल्या धोट्याच्या दोन टोकांतून मुठीच्या दोनच फाका निघणार होत्या. जीव मुठीत धरून कापल्या. दुकानातला सगळ्यात भारी गोंद आणला, रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवला. सकाळी तिनं भोपळ्यावर चाकू ठेवला. अर्ध्यात गेला आणि थांबला. मुठीची एक फाक तिच्या हातात, बाकीचा चाकू भोपळ्यात.

मी भडकलो. गोंद भेसळीचा, दुकानदार लबाड, देशात एक वस्तू धड मिळत नाही! चपला घालून भांडायला निघालोच होतो. तिनं ती फाक ओट्यावरच्या वर्तमानपत्रावर ठेवली होती. खिडकीतल्या उन्हानं तापलेल्या ओट्यावरून मी ती उचलली, तर खाली कागदावर भजी काढल्यासारखा तेलाचा डाग.

"बाबा रोज तेल लावायचे त्याला," ती म्हणाली. "इतकी वर्षं तेल प्यायलेलं लाकूड. त्याला गोंद धरतोय होय? चपला काढा."

मग मी एवढा वेळ ओरडत होतो, तेव्हा का नाही बोललीस? तर म्हणे, "तुम्ही लई छान ओरडत होता."

आता पितळी रिवेट, म्हणजे लाकडाला भोकं पाडून वर हातोडीचे ठोके. फाक उकलली की संपलं. पात्याला फडकं गुंडाळून तिनं टोक धरलं. मी एकेक ठोका असा मारत होतो की शेवटी तीच म्हणाली, "अहो, थोपटून झोपवताय का त्याला?" मी रागानं मारला. बसला.

मूठ गच्च. ती ओट्याशी उभी राहिली, भोपळ्यात अर्ध्यावर अडलेलं पातं आता सरळ खाली आलं. कारलं, कांदा, कोथिंबीर. मी बाजूला उभा. पात्याबद्दल, धारेबद्दल, त्या कडब्याच्या रंगाबद्दल एखादा शब्द? नाही. करडईच्या तेलाचं बोट मुठीवर फिरवून ती एवढंच म्हणाली, "ती विळी माळ्यावर टाका. पायात येते."

शिडीवर चढून विळी माळ्यावर सारताना तिनं माझा अंगठा कापला. विळीनं. माझ्या चाकूनं नव्हे, हे जाऊबाईंना दोनदा सांगावं लागलं.