लोगो धक्क्याकडे

"जरा खाली घ्या हो! कंपनीचं नाव दिसलं पाहिजे," साहेब मढच्या धक्क्यावरून ओरडले.

साहेब म्हणजे अंधेरीच्या एका कंपनीचे सीएसआर मॅनेजर. कंपनी लहान होड्यांना रडार रिफ्लेक्टर फुकट वाटत होती, बसवायचं काम माझ्याकडे होतं. मी बोटींवरची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवतो. लाकडाची किंवा फायबरची होडी मोठ्या जहाजाच्या रडारवर जवळजवळ दिसतच नाही. रिफ्लेक्टर म्हणजे काटकोनात जोडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. रडारच्या लहरी त्यांवर आपटून जहाजाकडे परततात आणि स्क्रीनवर ठिपका उमटतो. पण रिफ्लेक्टर उंच बांधावा लागतो, नाहीतर लाटा त्याला झाकतात.

हे मी तीनदा सांगितलं. साहेबांनी समुद्र बहुतेक फ्लॅटच्या जाहिरातीतच पाहिला होता.

"उंचावर फोटोत कसा येणार? गुरुवारी कार्यक्रम आहे."

शेवटी केबिनच्या भिंतीला, कमरेएवढ्या उंचीवर ठोकले. मीही मुकाट्याने ठोकले, त्याची आजही लाज वाटते.

पहिली होडी प्रमिलाताईंची. ती त्यांचा भाऊ हिराजी चालवतो. आदल्या वर्षी धुक्यात एक जहाज त्याची जाळी फाडून गेलं, तो थोडक्यात वाचला. ताईंनी सरळ विचारलं, "माजा भाव जहाजाला दिसंल ना रे?"

मला खोटं बोलवेना. समुद्राची खोली मोजणाऱ्या ओळखीच्या एका सर्व्हे लाँचवर रडार होतं. हिराजीला होडी घेऊन लांब पाठवलं आणि ताईंना न् साहेबांना स्क्रीनसमोर उभं केलं. होडीचा पत्ताच नाही.

"झूम करा ना," साहेब म्हणाले. त्यांना तो मोबाइलच वाटला.

मी हिराजीला फोन लावला, रिफ्लेक्टर काढून बावट्याच्या काठीला बांधायला सांगितलं. ताईंनी फोन हिसकावला. "बावट्याच्या वर नको, खाली बांध!" होडीवर बावट्यापेक्षा उंच काही चालत नाही. तेवढी उंची पुरली. ठिपका उमटला.

"पण तिथून नाव वाचता येत नाही," साहेब कुरकुरले.

"तुमचं नाव वाचून जहाज वलनार हाय का?"

गुरुवारपर्यंत ताईंनी झाडून सगळ्या होड्यांचे रिफ्लेक्टर काठीवर चढवून घेतले. साहेबांनी नंतर डिझायनरकडून फोटोत लोगो चिकटवून घेतला आणि मला पुन्हा बोलावलं नाही.

थंडीत एका धुकट सकाळी मालवाहू जहाज भोंगा वाजवत हिराजीच्या होडीपासून बरंच लांब असतानाच वळलं. ताईंचा फोन आला. "दिसला रे," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

हाताखालच्या माणसांना मी आता एकच सांगतो. काम झालं की ते धक्क्यावरून बघू नका, समुद्रातून बघा.