दुबईच्या घरात नणंद

खरवईच्या मोतीबाईनं उभ्या आयुष्यात भात लावला, काकड्या-भेंड्या डोक्यावर नेऊन बदलापूर स्टेशनापाशी विकल्या. नवरा गेल्यावर जमीन बिल्डरला दिली. लेक जिज्ञासा अंबरनाथ पूर्वेला सासरी. तिनं हक्कसोडीवर सही केली, साडी घेतली नि गेली. आमच्यात रीतच तशी. पैसा मात्र मोतीबाईनं आपल्याच खात्यात ठेवला.

लेक दिपेश बायको करिष्मासकट दुबईला, एसीच्या कामाला. तिथं फ्लॅटचं बुकिंग भरूनच त्यानं फोन केला.

"आये, अडीच कोटीला हाय. वर चार टक्के सरकारी फी, दोन टक्के दलाली, नि वरसाला देखभालीचा खर्च."

"घर आपला, मंग वरसाला पैसं कसलं?"

"लिफ्टचं, एसीचं."

"एसी तर तूच बसवतंस मेल्या!"

मोतीबाईला वाटलं, इथं कोणाला तरी रोकडा द्यावा, तिकडं पोराला मिळेल. बँकेतल्या कुमुदिनी मॅडमनी हात जोडले. "मावशी, तो गुन्हा आहे. पैसे बँकेतूनच जाणार. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास, वर नाही. दहा लाखांपुढच्या रकमेवर वीस टक्के कर आम्ही आधीच घेतो; पुढं विवरण भरलं की त्याचा हिशोब लागतो."

तेवढ्या डॉलरांत फ्लॅट बसेना, नि महिनाअखेर उरलेले भरले नाहीत तर बुकिंग बुडणार होतं. दिपेशनं तोड काढली. "बाकीचं ताईच्या खात्यातून धाड. तिचा नाव नको, खातं पुरं."

मॅडम म्हणाल्या, "ज्यांच्या खात्यातून पैसे जातील, ते घराचे मालक हवेत."

दिपेश फोनवर उखडला. "तिनी हक्क सोडलाय ना!"

"इथल्या जमनीचा सोडला," मोतीबाई म्हणाली. "दुबईचा तिना कोनी विचारला? बुकिंग बुडवतंस का बहिनीचा नाव लावतंस, सांग."

शेवटी दिपेश म्हणाला, "लाव."

जिज्ञासा आली. कागद शेवटपर्यंत वाचला, आपल्यामागं वाटा कोणाला जाईल म्हणून तिथल्या मृत्युपत्राचंही विचारून घेतलं, मगच सही केली. मोतीबाईनं सवयीनं साडी पुढं केली.

"ही करिष्माला धाड," जिज्ञासा म्हणाली. "तिना सांग, घरात ननंद आली."