उभा राहून फेकणारा

आमची पोस्टिंग तेव्हा नियंत्रण रेषेवर होती. चौकी उंचावर, खाली नाला, नाल्यापलीकडे समोरच्यांची चौकी. मी सेक्शन कमांडर होतो, हवालदार. माझ्या सेक्शनमध्ये जळगावकडचा एक नाईक होता. त्याला सगळे पिचर म्हणायचे, कारण तो बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर होता.

शाळेत पीटीच्या सरांनी हातात ग्लोव्ह दिला तेव्हापासून जिल्हा, विभाग, राज्य असा खेळत गेला. देशाच्या संघाच्या निवडीला जाऊन आला, पण नाव लागलं नाही. गावातले विचारायचे, "क्रिकेटच ना ते, स्टंप आणायचे विसरलेले?" तो हसायचा. खेळाच्या जोरावर भरती झाला. हात असा की इतरांचा ग्रेनेड पडायचा त्याच्या कितीतरी पुढे याचा पडायचा. एकच खोड होती. ग्रेनेड आडोशाला गुडघ्यावर बसून फेकायचा असतो. हा मैदानात असल्यासारखा उठायचा, डावा पाय उचलायचा आणि सगळं अंग झोकून फेकायचा. मी त्याला अनेकदा झापलं.

"बसून हात सुटत नाही, हवालदारसाहेब," एवढंच म्हणायचा.

त्या दिवशी उजाडताना नाल्यात हालचाल दिसली. घुसखोरांची टोळी होती. समोरच्या चौकीवरची मशिनगन तिला कव्हर देत होती. टोळी दगडांमागे, त्यामुळे रायफलने काही होईना. पिचर उठला. पहिला ग्रेनेड बरोबर दगडांमागे पडला.

"खाली बस!" मी ओरडलो.

"अजून एक, साहेब."

दुसऱ्यासाठी तो उभा राहिला आणि मशिनगनची फैर त्याच्या छातीत घुसली. ग्रेनेड मात्र हातातून सुटला होता. टोळी संपली. तोही संपला.

मी वायरलेस सेटवर कंपनी कमांडरना म्हणालो, "सर, वो गन चाहिए. परमिशन दीजिए."

"निगेटिव्ह. पोझिशन होल्ड करो."

मी परत परमिशन मागितली.

"निगेटिव्ह. आउट."

हुकूम तो हुकूम. पिचरचं रक्त माझ्या जॅकेटवर वाळलं आणि ती गन समोर तशीच राहिली. त्या गनवाल्याला मी माझ्या हातांनी मारायला हवं होतं. तेव्हा तसं वाटलं आणि आजही वाटतं. उगाच मोठेपणा दाखवत नाही.

निवृत्तीनंतर मी ओमानमध्ये सोहारला आलो. बंदराजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. आखातात फौजी फौजीला बसण्या-उठण्यावरून ओळखतो, आणि ओळख पटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कौनसी पलटन, कौनसा सेक्टर? सरहद्दीच्या पलीकडचा असला तरी हाच प्रश्न. मी तो प्रत्येक पाकिस्तानी ड्रायव्हरला विचारायचो. सोबतच्यांना वाटायचं, साहेबांना गप्पांची हौस आहे. मी त्या गनवाल्याला शोधत होतो.

गेल्या उन्हाळ्यात इब्रीहून एक ट्रेलर आला. ड्रायव्हरची दाढी पांढरी, पाठ ताठ. मी विचारलं. त्याने सेक्टर सांगितला, मग चौकी सांगितली. मी माझी सांगितली.

"फिर तो हम आमने-सामने थे, उस्ताद," तो हसला. "आपका एक लडका था. खडे होकर फेंकता था."

"उस दिन गन पर कौन था?"

त्याचं हसू गेलं. "मैं था."

गाडीखाली बघायचा आरसा माझ्या हातात होता, लोखंडी दांड्याचा. मूठ आपोआप आवळली. एका घावात काम झालं असतं. मागचे ट्रेलर हॉर्न वाजवत होते. आमचा ओमानी ऑफिसर केबिनमधून ओरडला, "यल्ला, यल्ला."

ड्रायव्हर खाली उतरला. "उसका नाम बता दो, भाई. नमाज में उसके लिए माफी मांगता हूं. नाम नहीं मालूम."

त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच परमिशन देणं माझ्या हातात आलं होतं.

"निगेटिव्ह," मी म्हणालो. "गाडी आगे लो."

तो अजून येतो. काच खाली करून माझ्याकडे बघतो, विचारत नाही. मी पास तपासतो आणि बॅरिअर उचलतो. बरं वाटतं का, असं कुणी विचारलं तर हो, वाटतं.

त्याला मी मरेपर्यंत सांगणार नाही. तुम्हाला सांगतो. नाईक भास्कर देविदास सोनवणे. उजव्या हाताचा पिचर.