ठरावावर न थांबलेले आबा

बारामतीच्या बाजारात गूळ उतरवत होतो, तेव्हा आमच्या शेळगावचा गाडीवान सांगत आला, "आबा गेलं..." त्याला दीड महिना झाला. चार ओळी लिहाव्यात असं रोज वाटे, पण हात धजत नव्हता.

आबा माझ्या नात्यातले नव्हते. पाटातून शेतांना पाणी नेणाऱ्या चारीवर त्यांचं शेत मध्ये, माझं अगदी शेवटी, एवढाच संबंध. गुळाच्या गाड्या बारामतीहून परतताना वर्तमानपत्र आणत आणि आबांच्या गुऱ्हाळावर मी ते मोठ्याने वाचे. आबांना जगातल्या सगळ्या सरकारांची भारी काळजी. इटलीने आफ्रिकेतला ॲबिसिनिया देश गिळला, जिनिव्हात जमलेल्या राष्ट्रांनी निषेधाचा ठराव केला, तरी तिथल्या राजाला देश सोडून पळावं लागलं, हे ऐकून ते असे चिडले की कढईतल्या रसाकडे बघायचे विसरले. गूळ करपला. आम्ही पोट धरून हसलो... कुठला तो राजा, आणि करपला गूळ आबांचा!

त्याच वर्षी माझे वडील वारले आणि ऐन उन्हाळ्यात चारीच्या तोंडाशी शेत असलेल्या तात्यांनी माझ्या पाळीचं पाणी स्वतःच्या उसात वळवलं. वडिलांच्या मागे आम्हा मायलेकांना तो ऊसच काय तो आधार, आणि तो डोळ्यांदेखत वाळत होता. गाव जमलं. तात्यांनी चारीतून आपल्या शेतात पाणी घ्यायचं दार बंद करावं, असा एकमुखाने ठराव झाला. दुसऱ्या दिवशी दार उघडंच! तात्यांच्या वाटेला कोण जाणार? जो तो मान खाली घालून बसला.

मी आबांकडे गेलो. म्हणालो, "आबा, ठराव तर झालाय."

"ठराव जिनिव्हातबी झालावता की. काय उपेग झाला त्येचा?" असं म्हणून त्यांनी फावडं उचललं.

तात्या आबांचे व्याही. आबांची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. तरी आबांनी चिखल ओढून तात्यांचं दार बुजवलं आणि त्यावरच बसकण मारली. तात्या धावत आले. "लेक माझ्या घरात हाय, इसरलासा व्हय?"

"न्हाय इसरलो," आबा म्हणाले. "म्हणून तर पाय कापत्यात. पर उठायचो न्हाय."

माझा ऊस भिजेपर्यंत ते उठले नाहीत. त्या दिवाळीला तात्यांनी लेकीला माहेरी धाडलं नाही, पुढच्याही नाही. माझ्यामुळे हे झालं, असं आबांनी मला कधी जाणवू दिलं नाही. मी विषय काढला की म्हणत, "तू वाच." आज माझ्या घरात चूल पेटते ती त्यांच्यामुळे. हे ऋण फिटायचं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

आता युरोपात लढाई पेटली आहे, आपल्या प्रांतातले मंत्री राजीनामे देऊन घरी बसले आहेत. हे सगळं वाचून दाखवायचं कोणाला?

परवा माझी पाळी होती. आबांच्या मागे आता आपलं कोण, या धास्तीने मी चारीच्या तोंडाशी गेलो. तात्यांचं दार बुजवलेलं होतं. ओल्या चिखलावर तात्या स्वतः बसले होते, धोतर भिजलेलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा, पाणी धर जा. तुझा ऊस भिजस्तवर मी हितंच हाय."