इराची उजळणी आणि आमची रिक्षा

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी सातवीच्या गणितात नापास झालो.

पेपर काढला होता माझ्या नातीनं, इरानं. तपासलाही तिनंच. मुलगा निखिल ऑफिस जवळ पडतं म्हणून बायको-मुलीला घेऊन वाघोलीला राहायला गेला आणि कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, माझी बायको सुधा आणि नको तेवढी शांतता उरली. इराला अपूर्णांक आणि गुणोत्तरं जड जातात असं कळल्यावर मी लगेच रोज व्हिडिओ कॉलवर शिकवायची जबाबदारी घेतली. (ती कोणी दिली नव्हती.) इरा रेशो म्हणायची, मी गुणोत्तर म्हणायला लावायचो. आठवड्याभरात तीच मला शिकवू लागली.

परीक्षेच्या आदल्या रविवारी मला राहवेना. शेवटची उजळणी समोर बसूनच झाली पाहिजे, असं मी जाहीर केलं. सुधानं पाच थालीपिठं लावली. इराला चकित करायचं म्हणून मी दोघांचेही फोन बंद करायला लावले. रिक्षानं एका तासात पोहोचू असा माझा हिशोब होता. त्यात नगर रोडची गर्दी धरायची राहिली.

वाघोलीला पोहोचेपर्यंत थालीपिठं गार झाली होती. दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सूनबाई सकाळीच कामावर गेल्या आणि बापलेक दुपारी बाहेर पडले, आजी-आजोबांना सरप्राइज द्यायला.

सुधा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अहो, आता तरी फोन सुरू करा."

निखिल कर्वेनगरला आमच्या कुलपासमोर उभा होता. तो म्हणाला, तिथेच थांबा, आम्ही येतो. मी म्हटलं, तुम्ही थांबा, आम्ही येतो. ही रस्सीखेच बराच वेळ चालली असती, पण इरानं फोन ओढून घेतला.

"आजोबा, तुम्ही रिक्षानं, आम्ही गाडीनं. वेगांचं गुणोत्तर एकास दोन धरा. म्हणजे अंतराचे तीन भाग. एक भाग तुम्ही या, दोन भाग आम्ही येतो. खराडीला भेटू."

तिनं गुणोत्तर म्हटलं, या आनंदात मी उत्तर तपासलंच नाही. तसं उत्तर बरोबर होतं. फक्त रविवार संध्याकाळच्या गर्दीत गाडी आणि रिक्षा यांचं गुणोत्तर एकास एक असतं. आम्ही खराडीच्या चौकात चहाच्या टपरीपाशी डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला मी हात केला. दोन थांबल्या. आमच्या नव्हत्या.

शेवटी इरा आली. उंची वाढली होती. व्हिडिओ कॉलवर माणसाची उंची कळत नाही.

पाच थालीपिठं आणि माणसं चार. प्रत्येकाला सव्वा, असं इरानं विचारायच्या आत सांगितलं. माझा पाव तुकडा मी तिच्याकडे सरकवला. तिनं तो मुकाट्यानं खाल्ला आणि खाऊन होईपर्यंत माझ्या खांद्याला टेकून बसली. उजळणीची वही गाडीतून कोणी काढली नाही. अंधार पडायच्या आत निखिल म्हणाला, उद्या पेपर आहे, निघायला हवं. मीच पहिला उठलो. कोणीतरी शहाण्यासारखं वागायला हवं होतं.

त्यांची गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर मी रिक्षा थांबवली, ऐटीत पत्ता सांगितला आणि आम्ही बसलो. बरंच पुढे गेल्यावर रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "काका, वाघोलीत कुठं सोडू?"

चाळीस वर्षं माझी प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करणारी बायको शेजारीच बसली होती. मी कर्वेनगरऐवजी वाघोली म्हटलेलं तिनं नीट ऐकलं होतं. आणि ती रिक्षातून बाहेर बघत बसली होती, पुढचा सिग्नल लवकर सुटावा म्हणून.